असू दे, असू दे

म्हातारपणी माणसाची उंची कमी होते, असं डॉक्टर सांगतात. मणक्यांमधल्या चकत्या दबतात, पाठीला थोडा बाक येतो आणि एके काळी पाच फूट चार इंच असलेली बाई सत्तरीत पाच फूट दोनवर येते. या हिशेबानं डोळे आणि पायाची बोटं यांतलं अंतर दोन इंचांनी घटायला हवं. प्रत्यक्षात ते दर वर्षी वाढतच जातं. पन्नाशीत हाताशी असलेला अंगठा साठीत गुडघ्यापलीकडे जातो आणि पंच्याहत्तरीला तो दुसऱ्याच कुणाच्या तरी मालकीचा वाटायला लागतो.

बरं, या वयात अंगातलं सगळं पातळ होत जातं. केस विरळ, हाडं ठिसूळ, कातडी नाजूक. टाचेखालची चरबीची गादीसुद्धा झिजते, म्हणून तर सकाळी पहिलं पाऊल टेकताना फरशी आपल्यावर रागावलेली वाटते. अपवाद एकच, पायाचं नख. ते जाड होतं. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, पायाचं त्याच्या निम्मं, आणि वय वाढेल तसं त्याहून सावकाश. अंगठ्याचं नख एकदा गेलं की नवं पूर्ण यायला वर्ष-दीड वर्ष लागतं. लांबी वाढेना, की पेशी एकावर एक साचून जाडी वाढते. त्यात चपलेचा दाब, कधीकाळी लागलेली ठेच आणि जमलंच तर बुरशी. काहींचं नख पिवळं पडून इतकं वळतं, की वैद्यकशास्त्रानं त्याला मेंढ्याच्या शिंगावरून नाव दिलं आहे. बाकी सगळीकडे काटकसर करणाऱ्या शरीरानं ही एवढी एकच हौस कुठून राखून ठेवलेली असते, कोण जाणे.

आता हे नख कापायचं कशानं? प्रत्येक घरात एक नेलकटर असतो आणि तो कुणीतरी शिर्डीहून आणलेला असतो. त्याला किल्ल्या अडकवायची साखळी असते, बाटलीचं बूच उघडायचा आकडा असतो, एक छोटा चाकू असतो, साईबाबांचा फोटो असतो. नखं कापायची सोय उरलेल्या जागेत. आमच्याकडे ह्यांच्या अंगठ्याचं नख त्या कटरच्या तोंडात शिरतच नाही. मग मी शस्त्रक्रियेचं सामान विकणाऱ्या दुकानातून जाड नखांसाठीचा स्प्रिंगवाला कटर आणला. ह्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, ‘‘पक्कड आपल्याकडे होती की!’’

नख कापायला बसलेल्या ज्येष्ठ नागरिकाला तीन कामं एका वेळी करावी लागतात. वाकणं, बघणं आणि श्वास घेणं. यातली कुठलीही दोनच जमतात. वाकलं की श्वास अडतो. श्वास घ्यायला सरळ व्हावं तर पाय दिसेनासा होतो. चष्म्याचं त्रांगडं आणखी वेगळं. बायफोकल चष्म्याचा खालचा भाग हातातल्या पेपरासाठी आणि वरचा बसच्या पाटीसाठी. पायाचा अंगठा या दोन्हींच्या अधेमधे, चष्मेवाल्यानं विचारातच न घेतलेल्या अंतरावर असतो. नुसती नजर खाली वळवली की पेपरवाचनाचा भाग समोर येतो आणि दहाची वीस बोटं दिसायला लागतात. हनुवटी छातीला लावून वरच्या भागातून बघावं तर मान धरते. मग अंदाजानं कापायचं. अंदाज चुकला की शेजाऱ्यांनाही कळतं.

यासाठी लोकांनी शोधलेली आसनं कुठल्याही योगवर्गात शिकवत नाहीत. कुणी पलंगाच्या कडेवर बसून एक पाय दुसऱ्या मांडीवर ओढून आणतात; गुडघा बदललेल्यांना हे वर्ज्य. कुणी स्टुलावर पाय ठेवून त्याच्याकडे तिरप्या नजरेनं बघत राहतात, तो आपण होऊन जवळ येईल या आशेवर. आमच्या इमारतीतले एक गृहस्थ बाल्कनीच्या कठड्याला पाय लावून कापतात. त्यांची नखं खालच्या मजल्यावरच्या तुळशीत पडतात आणि मग सोसायटीच्या वार्षिक सभेत ‘अध्यक्षांच्या परवानगीने येणारे विषय’ या सदराखाली त्यांच्यावर चर्चा होते.

त्यात पुन्हा मुहूर्त बघायचा. शनिवारी कापायची नाहीत, मंगळवारी नाहीत, एकादशीला नाहीत, अमावास्येला तर नाहीतच. तिन्हीसांजेनंतर कुठल्याच वारी नाहीत. घरात नख पडून राहिलं तर भांडणं होतात. नेलकटर नुसता टकटक वाजवला तरी होतात. (आमच्याकडे तो न वाजवताही होतात, पण ते असो.) रात्री नखं कापू नयेत या नियमात मला शहाणपण दिसतं. मिणमिणत्या दिव्याच्या उजेडात धारदार हत्यारानं नख काढणं म्हणजे बोटावरच संक्रांत. फक्त आता दिवे आले, ट्यूबलाइट आल्या, आणि आम्हाला उजेडातही दिसत नाही. नियम नव्यानं करायचा झाला तर ‘मोतीबिंदू काढल्याशिवाय कापू नयेत’ असा करावा लागेल.

पूर्वी हे काम कुणाचं ते ठरलेलं होतं. माझ्या आजोबांच्या वेळी न्हावी घरी यायचा. त्याच्या धोकटीत वस्तऱ्याशेजारी नऱ्हाणी असायची. हजामत झाली की आजोबा पाय पुढे करायचे आणि तो गावाच्या बातम्या सांगत हातापायांची नखं काढून द्यायचा. आजोबांना आपल्या पायाकडे बघावंच लागलं नाही. आजी न्हाणीघरातल्या दगडावर उकिडवी बसून वजरीनं टाचा घासायची. तिला शेवटपर्यंत उकिडवं बसता येत होतं. आमच्या पिढीनं कमोड बसवले, ओटे उंच केले, धुणं यंत्रात टाकलं आणि खाली बसण्याचं कारणच संपवलं. न्हाव्याचं सलून झालं, सलूनला एसी आला. आता तिथल्या पोराला ‘पायाची नखं काढशील का’ विचारलं तर तो आधी आपल्याकडे आणि मग दाराकडे बघतो.

म्हणजे आज हा प्रांत कुणाच्याच ताब्यात नाही. हृदयाचे डॉक्टर छातीवर थांबतात. गुडघ्याचे डॉक्टर गुडघ्याखाली उतरत नाहीत. घरच्या डॉक्टरांसमोर आपण जीभ दाखवतो, पाठ दाखवतो. मोजे काढायला ते सांगत नाहीत आणि आपण सुचवत नाही. अंगातल्या २०६ हाडांपैकी ५२ हाडं दोन पावलांत आहेत. चौथा हिस्सा! एवढ्या मोठ्या मतदारसंघाला प्रतिनिधीच नाही.

आणि गंमत बघा, पायांना आपल्याइतका मान देणारे लोक दुसरीकडे सापडायचे नाहीत. आपण पादुका पालखीत ठेवून आळंदीहून पंढरपूरला नेतो. पत्रात ‘चरणी साष्टांग नमस्कार’ लिहितो. थोरामोठ्यांच्या पाया पडतो. मात्र पाया पडणारा डोळे मिटून वाकतो, आणि ज्याच्या पडतात तो, ‘असू दे, असू दे’ म्हणत पाय मागे घेतो. हा विनय आहे असं मी लहानपणापासून समजत होते. स्वतः पाया पडून घेण्याच्या वयाला आल्यावर खरं कारण कळलं. दिवाळीच्या पाडव्याला पुतणे, पुतणसुना रांगेनं वाकायला लागले की आमच्या पिढीतल्या बायका पावलं नऊवारी असो की पाचवारी, जी असेल तिच्या निऱ्यांखाली सरकवतात. पुरुष खुर्चीखाली ओढतात. सगळीकडून ‘असू दे, असू दे’चा गजर चाललेला असतो. आशीर्वाद मनापासूनचा असतो, पण नखं कापलेली नसतात.

लग्नात मुलीचा बाप नवऱ्या मुलाचे पाय धुतो. नवरा मुलगा अठ्ठावीस वर्षांचा, आदल्याच दिवशी पार्लरमध्ये पेडिक्युअर करून आलेला. ज्याचे पाय खरोखर कुणीतरी धुवायला हवेत, तो बिचारा पाटावर ओणवा होऊन दुसऱ्याचे धुतो आणि नंतर त्याला दोघं हात देऊन उठवतात. एका सहस्रचंद्रदर्शनाला मी गेले होते. एक्याऐंशी वर्षांच्या उत्सवमूर्तीची पाद्यपूजा चालू होती. ताम्हनात पाय, वर पंचामृत, गुरुजींचे मंत्र. नातू नुकताच डॉक्टर झालेला. तो पाय धुता धुता थांबला, अंगठा उजेडात धरला आणि भर मंत्रात म्हणाला, ‘‘आजोबा, हे फंगस आहे. सहा महिने औषध घ्यावं लागेल.’’ गुरुजींनी संकल्प पुढे चालू ठेवला. त्या दिवशीच्या सगळ्या समारंभात आजोबांच्या पायांकडे खरं बघितलं ते त्या एकट्या पोरानं, आणि सगळ्यांनी दटावलं तेही त्यालाच.

विठोबाच्या पायांचीही झीज होतेच. शतकानुशतकं भक्तांचे हात आणि कपाळं लागून झिजलेल्या त्या मूर्तीला मधूनमधून वज्रलेप करावा लागतो. २०२० साली करोनात देऊळ बंद होतं, तेव्हा पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांनी तो केला. देवाच्या पायांची देखभाल करायला सरकारी खातं आहे. आम्ही मात्र शिर्डीच्या नेलकटरवर.

मग एके दिवशी सून म्हणाली, ‘‘आई, पार्लरला चला माझ्याबरोबर.’’ ठाण्यात राम मारुती रोडला चार पावलांवर एक पार्लर आहे. पेडिक्युअरची यादी वाचताना मला भूक लागली. चॉकलेट, कॉफी, संत्रं, मध. एका कोवळ्या मुलीनं माझे पाय कोमट पाण्यात ठेवले, टाचेवरून वजरीची शहरी भाची फिरवली आणि शेवटी नम्रपणे विचारलं, ‘‘आजी, कुठला शेड लावू?’’ मला शेड नको होता. मला फक्त कुणीतरी माझ्या पायाशी बसून, नाक न मुरडता, नखं कापायला हवी होती. ते तिनं केलं. कोपरे गोल करायला निघाली तेव्हा मी तिला थांबवलं. पायाचं नख सरळ रेषेत कापायचं असतं. कडा खोलवर कोरल्या की ते मांसात घुसतं आणि पिकतं. तिला हे नवीन होतं. तिच्या मावशीचा अंगठा का ठणकतो, हे तिला त्या दिवशी कळलं.

अलिबागची माझी बहीण याच्याही पुढे गेली. तिनं मॉलमध्ये माशांच्या टाकीत पाय सोडले. ते इवले मासे मूळचे तुर्कस्तानाकडचे, पायाची मेलेली कातडी टिपून खातात. एकाच पाण्यात दिवसभर अनेकांचे पाय, म्हणून अमेरिकेतल्या काही राज्यांनी या प्रकारावर बंदी घातली आहे, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, ‘‘अगं, जन्मभर आपण त्यांना खाल्लं. म्हटलं, एक दिवस त्यांचा.’’

ह्यांना पार्लर मंजूर नाही, मासेही नाहीत. ह्यांचा विश्वास काशाच्या वाटीवर. हल्ली प्रदर्शनात काशाची तबकडी फिरवणारी यंत्रं असतात. तेल लावून वर पाय ठेवायचे आणि पंधरा मिनिटांत तळवे काळे. ‘‘बघ, किती उष्णता बाहेर पडली!’’ काशात तांबं असतं, ते तेलाबरोबर घासलं की काळं होतं. यंत्रावर पाय न ठेवता कणीक ठेवली असती तर तिचीही उष्णता बाहेर पडली असती. पण हे मी बोलत नाही. त्या पंधरा मिनिटांत ह्यांच्या चेहऱ्यावर जी शांतता येते, ती मला कुठल्याही पथ्यानं आणता आलेली नाही.

ह्यांना मधुमेह आहे, म्हणून प्रकरण गमतीवर नेऊन चालत नाही. मधुमेहात पायाच्या नसा हळूहळू मुक्या होतात. खडा टोचला, चटका बसला, नख मांसात गेलं, तरी वर खबर पोहोचत नाही. हे तपासायला डॉक्टरांकडे नायलॉनचा एक जाडसर दोरा असतो. तो त्वचेवर टेकवून दाबला की बरोबर १० ग्रॅम वजनाला वाकतो. तेवढा स्पर्श कळायला हवा. डॉक्टरांनी ह्यांना डोळे मिटायला सांगितले. ‘‘काका, लागलं की हो म्हणा.’’

‘‘हो.’’

‘‘बरं.’’

‘‘हो. हो. हो.’’

‘‘काका, मी अजून सुरुवात केलेली नाही.’’

ह्यांनी उभ्या आयुष्यात एकाही परीक्षेत मार्क सोडलेले नाहीत. निकाल लागला तेव्हा डाव्या अंगठ्याचा विषय राहिला होता.

बधिर पायांची ही सगळी विद्या आपल्याकडे कुष्ठरोग्यांच्या सेवेतून आली. पॉल ब्रँड नावाचे सर्जन १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोग्यांची बोटं रोगानं गळून पडतात, असं तेव्हा लोक मानत. ब्रँड यांनी दाखवून दिलं, की संवेदना गेल्यामुळे लागलेलं, भाजलेलं त्यांना कळतच नाही आणि बोटं त्या जखमांनी जातात. दुखणं ही देणगी आहे, असं हा माणूस सांगत फिरला. अशा पायांसाठी मऊ रबराच्या ज्या चपला वापरल्या जाऊ लागल्या, त्याच आज मधुमेह्यांना ‘एमसीआर’ म्हणून लिहून देतात. पायाखाली ढोकळ्याचा जाड तुकडा बांधावा तशी ती चप्पल दिसते.

आणि हे जन्मानं कोल्हापूरचे! नवी कोल्हापुरी आणायची, एरंडेल पाजायचं, महिनाभर ती चावू द्यायची आणि मग ती करकरत निघाली की गल्लीनं ओळखायचं कोण आलं ते. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा ह्यांनी पेढे वाटले होते. २०२५ मध्ये इटलीतल्या प्राडानं तिच्या वळणाची चप्पल मिलानच्या रॅम्पवर फिरवली आणि कोल्हापूरचं नावसुद्धा घेतलं नाही, तेव्हा हे दोन दिवस धुमसत होते. त्याच सुमाराला डॉक्टरांनी सांगितलं, कडक चामडं आणि अंगठा अडकवायची कडी, दोन्ही बंद. ‘‘म्हणजे,’’ हे म्हणाले, ‘‘मिलानमधल्या पोरांनी घालायची आणि मी नाही.’’ ‘‘त्या पोरांच्या पायांना संवेदना आहे,’’ मी म्हटलं. ‘‘असती तर नाव नसतं का घेतलं?’’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तेव्हापासून आमच्या घरात पायांचं प्रशासन माझ्याकडे आलं. रोज रात्री तळवे बघायचे. वाकता येत नाही म्हणून खाली आरसा धरून. पाण्याची ऊब पायानं नाही, कोपरानं बघायची. याच कोपरानं मी नातीच्या अंघोळीचं पाणी बघत असे, त्यामुळे कोपर तयार आहे. बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, नाहीतर पावसाळ्यात चिखल्या ठरलेल्या. भेगांना कोकमतेल चालतं, कुरुपाला बाजारातली पट्टी चालत नाही; तिच्यात कातडी जाळणारं आम्ल असतं आणि मधुमेह्याला कुठवर जळतंय ते कळत नाही. ह्यांच्या आत्यानं बिब्बा सुचवला होता. तो मी ऐकून घेतला. घरातसुद्धा अनवाणी नाही. देवळातून चपला चोरीला गेल्या तरी हरकत नाही, तळपत्या फरशीवर चालत यायचं नाही. ‘‘एमसीआर कोण चोरतंय!’’ असं हे म्हणतात, आणि आजवर खरंच कुणी चोरलेली नाही.

नखं मी कापते. अंघोळीनंतर, ती मऊ असताना, गॅलरीतल्या उन्हात. खाली जुना पेपर पसरायचा. त्यात एक अडचण आहे. पेपर दिसला की हे तो वाचायला लागतात, आणि पाय ऐन वेळी मजकुरावरून हलवतात.

ही बातमी फुटली. या वर्षी दिवाळीला माझे थोरले दीर राहायला आले. वय पंच्याऐंशी, काठी, करारी आवाज. लग्न झाल्यापासून मी त्यांच्यासमोर खुर्चीवर बसलेली नाही. ते मला नावानं हाक मारत नाहीत. घसा खाकरतात, की मी समजते. चेहऱ्याकडे नीट बघण्याची कधी वेळच आली नाही, पण इतक्या सणांना वाकल्यामुळे त्यांचे पाय मात्र मी गर्दीतही ओळखीन. धनत्रयोदशीला सकाळी ते गॅलरीच्या दाराशी येऊन उभे राहिले, घसा खाकरला आणि समोरच्या इमारतीला उद्देशून म्हणाले, ‘‘ते तुमचं यंत्र... मोकळं आहे का?’’

मी स्टूल पुढे केलं. त्यांनी मोजे काढले. नखांचं वर्णन करत नाही, घरातली गोष्ट आहे. पाऊण तास लागला. तेवढ्यात त्यांनी मला वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीची खरी हकीकत सांगितली, जी ह्यांनाही ठाऊक नव्हती. सगळं समोरच्या इमारतीकडे बघत. शेवटी मी कानस ठेवली, बोटं पुसली आणि पाय समोरच होते म्हणून सवयीनं वाकून नमस्कार केला. या वेळी त्यांनी पाय मागे घेतले नाहीत.

‘‘अखंड सौभाग्यवती भव,’’ ते म्हणाले. मग घसा खाकरला. ‘‘डाव्या करंगळीचं राहिलंय.’’